येरवडामार्गे बुध

प्रवासाला निघताना लोक आधी तिकीट काढतात. आमच्या घरात आधी वाद काढतात. त्यामुळे कर्वेनगरहून बुध ग्रहापर्यंत पोहोचायला आम्हाला तीन दिवस लागले, आणि त्यातले पहिले दोन आम्ही कर्वेनगरच्या आसपासच घालवले. तरीही जे अजून तिकडे गेलेले नाहीत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. सोबत काय न्यावं तेही सांगते: एक शाल, पाण्याची बाटली आणि माझे सासरे सोडून दुसरं कोणीही.

सासरे म्हणजे अप्पा. वय एक्क्याऐंशी. बत्तीस वर्षं शहरातल्या एका शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यापासून तोच घरात शिकवतात. मी कुकर लावत असले तरी महाबळेश्वरला भात शिजायला वेळ का लागतो, हे मला ऐकावं लागतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. दिवसभर मुलांना "पुढच्या खिडकीत जा" असं सांगून अंगावरची कामं ढकलत असते. घरी अप्पांसमोर मात्र पुढची खिडकी नसते.

तर त्या सकाळी पेपरात एक चौकट आली होती. हा आठवडाभर सूर्यास्तानंतर पश्चिमेला बुध दिसेल, असं तिच्यात म्हटलं होतं. अप्पा पेपर मोठ्याने वाचतात, समोर ऐकणारं कोणी असो वा नसो. सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह. "बरोबर." आठ ग्रहांत सर्वांत लहान, आपल्या चंद्राहून थोडाच मोठा. "बरोबर." खडकाळ, खड्ड्याखड्ड्यांचा, स्वतःचा चंद्र नाही, हवा नावापुरतीही नाही. "बरोबर." पेपर जणू त्यांच्याकडे तपासायलाच आला होता. पुढे वाचलं, "मात्र सूर्याला इतका जवळ असूनही सर्वांत उष्ण ग्रह बुध नव्हे. तो मान शुक्राचा."

यावर 'बरोबर' आलं नाही. मी स्वयंपाकघरातून डोकावले. अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"तापकीर," ते म्हणाले.

मला वाटलं कोणी गेलं. पण तसं नव्हतं. पस्तीसएक वर्षांपूर्वी नववी 'क'मध्ये वंदना तापकीर नावाची मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. एका चाचणीत अप्पांनी विचारलं होतं, सर्वांत उष्ण ग्रह कोणता? सगळ्या वर्गाने लिहिलं बुध, आणि अप्पांनाही तेच हवं होतं. वंदनाने लिहिलं शुक्र. अप्पांनी लाल फुली मारून एक गुण कापला. तेवढ्यावर थांबते तर ते अप्पा कसले? पेपर वाटताना तिला उभं करून त्यांनी विचारलं, "काय तापकीरबाई, तुमच्याकडे चुलीपाशी बसलं की थंडी वाजते वाटतं?" वर्ग खूप वेळ हसत राहिला. त्या वेळी अप्पांना तो स्वतःचा गौरव वाटला होता. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने हात वर केला नाही, आणि अप्पांना वाटलं होतं, चला, शिस्त आली.

तिला सांगायला हवं, असं मी म्हटलं. अप्पांनी मान डोलावली. पण आधी बुध बघू, म्हणाले. ज्याची साक्ष काढून त्या पोरीला हसलो, तो ग्रह बत्तीस वर्षं शिकवला आणि एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही. म्हणजे आधी खात्री, मग माफी. फॉर्म भरायचा नसला की आधी पेन शोधत बसणारी मुलं मला रोज भेटतात.

पहिला दिवस : गच्ची

आमच्या गच्चीवरून पूर्वी पश्चिमेचं आकाश दिसायचं. आता तिथे बावीस मजली टॉवर दिसतो. उरलेल्या फटीत पाण्याच्या टाक्या आणि सोलरच्या नळ्या आहेत. माझा नवरा श्रीकांत मोबाइल आभाळाकडे धरून उभा होता. त्यात ग्रह दाखवणारं अॅप आहे. त्याने गंभीरपणे जाहीर केलं की बुध या क्षणी टॉवरच्या पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यामागे आहे. कामगिरी संपवून तो खाली मॅच बघायला गेला, तो या प्रवासात पुन्हा आला नाही.

अप्पांनी मला समजावलं की बुध सूर्याला सोडून फार लांब जातच नाही. त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर वगैरे तो कधी भेटायचा नाही. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर थोडा वेळ किंवा पहाटे उजाडायच्या आधी थोडा वेळ, आणि तोही क्षितिजाला टेकलेला. आमच्या शेजारच्या काकू लग्नसमारंभात नवऱ्याला अशाच चिकटून असायच्या. हे मी मनात म्हटलं.

अर्धा तास आम्ही फटीत बघत होतो. अप्पांना काही दिसेना. टॉवरही नीट दिसेना, तेव्हा मला शंका आली.

"अप्पा, तो काळा चष्मा."

"मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी सांगितलाय. उन्हात घालायचा."

"ऊन जाऊन चाळीस मिनिटं झाली."

अप्पांनी चष्मा काढला. इकडेतिकडे पाहिलं. "तरीच," ते म्हणाले, "आज अंधार फार लवकर पडला म्हटलं."

दुसरा दिवस : टेकडी

टेकडीवर जाणाऱ्यांचा एक पेहराव असतो. चांगले बूट, टोपी, आणि आपण रोज येतो असा चेहरा. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. मी साध्या चपला घालून पिशवीत थर्मास आणि तिळाच्या वड्या घेऊन निघाले होते.

अप्पा दर पन्नास पावलांवर थांबत आणि बुधाबद्दल एक माहिती देत. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की चढ जितका उभा, तितकी माहिती लांब. पहिल्या वळणावर कळलं की बुध अठ्ठ्याऐंशी दिवसांत सूर्याभोवती फेरी मारतो, म्हणजे तिथलं वर्ष तेवढंच. अप्पांनी तोंडी हिशेब केला. तिकडे त्यांचं वय तीनशे छत्तीस भरलं. मी म्हटलं, दिसत नाही हो. दुसऱ्या वळणावर, जिथे चढ फारच वाईट आहे, तिथे अप्पा बराच वेळ बोलले. बुध स्वतःभोवती इतका रमतगमत फिरतो की एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले एकशे शहात्तर दिवस जातात, म्हणजे त्याची दोन वर्षं. तिथला दिवस वर्षाहून मोठा. माझ्या डोळ्यांसमोर आलं ते स्वयंपाकघर. सकाळच्या चहापासून दुसऱ्या सकाळच्या चहापर्यंत घरातल्या प्रत्येकाचे दोन वाढदिवस, म्हणजे किती शिरा. कर्वेनगर सोडून तिकडे राहायला जाण्याचा विचार मी तिथेच रद्द केला.

तिसऱ्यांदा अप्पा एका दगडावर बसले. बुधाच्या पोटात म्हणे लोखंडाचा भलामोठा गोळा आहे, जवळजवळ सगळं पोटच. तो हळूहळू निवत गेला, आणि ग्रह आकसला. मग कातडी मोठी आणि अंग लहान, अशी गत. त्याच्या पृष्ठभागावर मैलोन् मैल सुरकुत्या आहेत, आणि एकेक सुरकुती म्हणजे मोठा कडा. एवढं सांगून अप्पा स्वतःच्या हाताच्या पाठीकडे बघत राहिले. मी थर्मासमधला चहा ओतला.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा पश्चिमेला ढगांची गादी घातलेली होती. पळत आलेले एक गृहस्थ थांबले, काय बघताय म्हणून चौकशी केली आणि म्हणाले, "आज कसला दिसतोय. काल यायचं. काल फार छान दिसला." एवढी माहिती देऊन ते पुढे पळाले.

उतरताना अप्पांनी दोनदा वळून ढगांकडे पाहिलं. मग म्हणाले, उद्याही ढग असतील. असतील, मी म्हटलं. परवा पुन्हा येऊन बघू. बघू. पुढच्या आठवड्यात हवा स्वच्छ असेल, पण बुध नसेल. मग पुढच्या खेपेला बघावं लागेल.

"अप्पा," मी म्हटलं, "लपतोय कोण? बुध, की तुम्ही?"

दहाबारा पावलं गेली. त्यात माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला, पण ती वेळ तक्रारीची नव्हती.

"तिचा नंबर ग्रुपवर आहे," अप्पा म्हणाले.

जुन्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपूर्वी अप्पांना वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं होतं. तिथे ते फक्त इतरांचं शुद्धलेखन सुधारतात. वंदनाच्या नावापुढे चेहऱ्याऐवजी पोळ्यांच्या चळतीचा फोटो होता. फोन मीच लावला. मी कोण, कुठून बोलते, एवढंच माझं बोलून झालं. "सरांना घेऊन या. उद्याच या. दुपारी नको, डबे असतात, संध्याकाळी या. आकाश बघायचंय? आमची गच्ची हाय की, समोर नदी, मध्ये काही नाही. या." फोन बंद. आम्ही का येतोय ते तिने विचारलंच नाही, आणि मला सांगताही आलं नाही.

तिसरा दिवस : येरवडा

कर्वेनगरच्या माणसाला नदी ओलांडायची म्हणजे परदेशगमन वाटतं. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात घडी केलेले दोन कागद ठेवले. त्यावर भाषण होतं. जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले आणि कुठे निघालात, म्हणाले.

"येरवड्याला."

"असं का. किती दिवसांसाठी?"

"गुन्हा कबूल केला तर आजच सुटेन," अप्पा म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नळ स्टॉपपर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो. अप्पांना खिडकीची जागा मिळाली. गाडी नदीवर आली तसे ते एकदम बोलायला लागले, पण या वेळी चढ नव्हता. बुधावर दिवसा चारशे तीस अंश तापतं आणि रात्री उणे एकशे ऐंशीपर्यंत उतरतं, कारण त्याच्या अंगावर हवेचं पांघरूणच नाही. आली ऊब, गेली ऊब. शुक्र लांब आहे, पण त्याने दाट वायूची दुलई डोक्यावरून ओढून घेतलीय. आत गेलेली उष्णता बाहेर येत नाही, म्हणून तो जास्त तापतो.

"नुसती चूल किती जवळ आहे ते बघून भागत नाही," अप्पा म्हणाले. "अंगावर काय आहे तेही बघावं लागतं. एवढं मला सुचायला हवं होतं."

मी म्हटलं, त्या काळी कोणाला सुचलं असतं. त्या मुलीला सुचलं होतं की, असं ते म्हणाले. मग ते खिडकीकडे वळले.

"तिथे हवा नाही म्हणून आवाजही नाही. अख्खा वर्ग हसला असता तरी ऐकू आलं नसतं."

एरवी मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला सुचतं. त्या वेळी मी पिशवीतून तिळाची वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

वंदनाचं पोळी-भाजी केंद्र तळमजल्यावर आणि घर पाचव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीच्या दारावर तीन सूचना आहेत: कुत्रा, विक्रेते आणि चपला यांच्याविषयी. हिच्या दारावर एकही सूचना नव्हती, नुसत्या चपला होत्या. आत तीन तवे, पोळ्या लाटणाऱ्या तिघी बायका आणि मधोमध उभी राहून एकाच वेळी तिघींशी, फोनशी आणि आमच्याशी बोलणारी वंदना. पन्नाशीची, ठसठशीत, कपाळाला थोडं पीठ लागलेलं.

आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, मग थोडा वेळ जाऊ देतात. इथे आम्ही बसायच्या आत पुढ्यात ताट आलं. तव्यावरून उतरलेली पोळी, तूप, गूळ, वाटीत मेथीचं पिठलं. ती बोलत होती. पहाटे मंडईत जाऊन भाजी कशी आणते, मेथीवाल्याला काय सुनावलं, आयटीतली मुलं डब्यात कारलं कसं खात नाहीत, तिच्या मुलीला बंगलोरला कसली नोकरी लागली. अप्पांचा हात दोनदा खिशातल्या कागदापर्यंत गेला आणि परत आला. अधेमधे शिरायला फटच नव्हती.

"अप्पा," मी हळूच म्हटलं, "ही गप्प झाली होती म्हणता?"

शेवटी अप्पांनी हात वर केला. खरंच केला, कोपर ताठ करून. तिघी बायका लाटायच्या थांबल्या. वंदनाही थांबली.

"बोला सर," ती म्हणाली.

अप्पांनी कागद काढलाच नाही. म्हणाले, नववीत मी विचारलं होतं, सर्वांत उष्ण ग्रह कोणता, तू शुक्र लिहिलं होतंस, ते बरोबर होतं. मी चुकलो. तुझा एक गुण माझ्याकडून कापला गेला, तो चुकून गेला.

वंदनाने तव्यावरची पोळी उलटली.

"गुण नाही आठवत सर," ती म्हणाली. "हसलेले आठवतात. आणि आमच्या घरी खरंच चूल होती."

पोळी फुगली आणि बसली. अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. या वेळी त्यात गुणाचं काही नव्हतं.

"हात वर करायचं सोडलं मी," वंदना म्हणाली. "हात वर केला की उभं करतात, असं बसलं डोक्यात. पुढे पुढे न विचारताच बोलायला लागले. आता बघताच आहात." तिने ती पोळी अप्पांच्याच ताटात वाढली. "पण सर, एक सांगू? रागवायचं नाही."

"बोल."

"तुमचा वरचा प्रश्न होता, सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह कोणता. तिथे लिहिलं बुध. आणि लगेच खाली परत बुध कसं येईल? म्हटलं, सर फसवतायत. म्हणून शुक्र लिहिलं."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुला माहीत नव्हतं."

"नाही सर. तुम्हालाही नव्हतं."

पहिल्यांदा लाटणाऱ्या बायकांपैकी एक हसली, मग मी, आणि मग अप्पा, डोळे पुसत. वाटलं, झालं, प्रवास सुफळ संपूर्ण. पण अप्पा एकदम गंभीर झाले. बत्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस.

"उत्तर बरोबर, कारण चूक," ते म्हणाले. "अर्धा गुण."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. तो पिठाच्या डब्याला लागला. वंदना म्हणाली, राहू दे वहिनी, घासाघीस मी मेथीवाल्याशी करते, सरांशी नाही. आणि आम्हाला घेऊन वर गेली.

पाचव्या मजल्यावरची गच्ची खरोखरच मोकळी होती. खाली नदी, पलीकडे झाडं, त्यामागे शहराच्या इमारती, आणि त्यांच्यावर नारिंगी पट्टा. घारी घरी परतत होत्या. अप्पांनी आज काळा चष्मा आठवणीने घरी ठेवला होता. सूर्य गेला. आम्ही तिघं कठड्याशी उभे राहिलो. बुध पहिल्यांदा मला दिसला. तो एका मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा निघाला. दुसऱ्यांदाही मलाच दिसला. त्याला पंख होते आणि तो लोहगावच्या विमानतळावर उतरला. त्यानंतर मी मत द्यायचं बंद केलं.

नारिंगीचा जांभळा झाला. अप्पा एक डोळा मिटून दुसऱ्याने, मग दुसरा मिटून पहिल्याने बघत होते. काहीच सापडेना. ते कठड्यावर बोटं वाजवायला लागले, आणि मला टेकडीवरचे ते गृहस्थ आठवले. उद्या पुन्हा कोणीतरी म्हणेल, काल यायचं होतं.

इतक्यात माझ्या शेजारी वंदनाचा हात वर गेला. कुठे दाखवायला नव्हे, नुसता वर. सरळ, वर्गातल्यासारखा.

"हं, तापकीर," अप्पा म्हणाले. मान न वळवता, सवयीने.

"सर, ती पिवळी इमारत. तिच्या टाकीच्या डावीकडे, दोन बोटं वर."

आम्ही बघितलं. तिथे एक ठिपका होता. मोहरीएवढा, फिकट, पण आपल्या जागी स्थिर. मलासुद्धा दिसला. त्याला पंख नव्हते.

अप्पा किती वेळ बघत होते ते मी मोजलं नाही.

"एवढासा," ते म्हणाले. "फळ्यावर मी केवढा काढायचो."

वंदना म्हणाली, फळ्यावर सर सगळंच मोठं दिसतं. ठिपका हळूहळू खाली आला आणि पिवळ्या इमारतीमागे गेला. तिथे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात दिवा लागला.

परतीच्या मेट्रोत अप्पा तीन स्टेशनं विचार करत होते. मग मला म्हणाले, लिही तिला. कारण चुकलं तरी निरीक्षणाचे गुण वेगळे असतात. उरलेला अर्धा त्याचा. मी जसंच्या तसं पाठवलं. नळ स्टॉप यायच्या आत उत्तर आलं.

"सर, लेखी द्या. ग्रुपवर टाकते. हसणारे सगळे तिथेच आहेत."

अप्पांनी ते दोनदा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, त्यामुळे काही बोलता आलं नाही. घरी आल्यावर चपलाही न काढता ते लाल पेन शोधायला लागले. सापडलं ते वाळलेलं होतं, म्हणून मी माझ्या ऑफिसच्या बॅगेतलं दिलं. खिशातल्या भाषणाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी घोटीव अक्षरात लिहिलं: तापकीर वंदना, नववी क, भूगोल, एकपैकी एक. खाली लिहिलं, वर्गापुढे केलेली थट्टा चुकीची होती, ती वर्गापुढेच मागे घेत आहे. सही केली. जरा थांबून सहीखाली आणखी एक ओळ घातली: शिक्षकास शून्य.

मी फोटो काढायला मोबाइल सरळ धरला आणि थांबले.

"अप्पा, बुध तुम्हीही पाहिलात की आज. निरीक्षणाचा अर्धा तरी घ्या."

अप्पांनी खरोखरच विचार केला. पेनही उचललं. मग टोपण लावून ते माझ्या हातात दिलं.

"नको," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी काळा चष्मा घातला होता."